पिकाचा रकाना

भांडुपच्या मिठागरात मोजणीला गेलो
तेव्हा नोकरीला नऊ वर्षं झाली होती
आणि पायात नवे बूट होते.
पदीबाय म्हणाली, ते काढ.
भुई पायांनी केलेली हाय.

काढले. बांधावरून चाललो,
एका हातात बूट, दुसऱ्यात नकाशा,
मागे साखळी ओढत गंगावणे.

मार्गशीर्षात म्हणे तीस जण ओळीनं उभे राहतात,
एकमेकांच्या खांद्यावर हात,
आणि चिखल तुडवतात.
टाच, चवडा, टाच.
नाचल्यासारखे, पण वाजवत कुणी नाही.
भुई काशाच्या ताटासारखी झाली
की उघाडीची फळी उचलायची,
उधाणाचं पाणी आत घ्यायचं
आणि या कोंडीतून त्या कोंडीत
त्याला म्हातारं करत न्यायचं.
पानी जून झालं की साय धरतं, जोमा म्हणाला,
साय मोडू द्यायची नाय.
हे मी वहीत टिपलं, मग खोडलं.
फॉर्मात तशी जागा नव्हती.

"भरतीला मोजनार का सुकतीला?"
पदीबायनं विचारलं.
गंगावणे हसला. मी हसलो नाही, कारण
खाजणाकडची हद्द कुठे धरायची
हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं.
जुन्या नकाशात तिथे एक तुटक रेघ होती
आणि रेघेपलीकडे, खाडी असावी तिथे,
कुणा कारकुनाच्या चहाचा डाग.

"जागा कुणाच्या नावावर?"
"शेट सांगतो त्याची. सरकार सांगतं त्याची.
कोर्टात हाय."
"आणि तुम्ही?"
"आमी कोंडीत हाव."

दुपारी तिनं जेवायला घातलं.
तांदळाची भाकर, जवळ्याची चटणी,
आणि कडेला तिथलंच मीठ,
राखाडी, ओलसर, खड्यांचं.
मी दोनदा मागून घेतलं.

तीन वाजता सावलीला बसून फॉर्म भरला
(सावली मिठाच्या राशीची,
दुसरी नव्हती).
क्षेत्र लिहिलं.
हद्दी लिहिल्या, सुकतीच्या.
वहिवाट: निरंक.
पीक:
इथे पेन अडलं. शाईचा ठिपका पसरला,
ती प्रत बाजूला ठेवून दुसरी घेतली.
भात नाही. नागली नाही. गवत नाही.
यांपैकी काही नसल्यास
पडीक लिहावे, अशी सूचना होती.
समोरून टोपल्या डोक्यावर घेऊन
वीसेक बाया
त्या पडीकातून ये-जा करत होत्या.
माझं अक्षर वळणदार आहे.
साहेब नेहमी म्हणत.

निघताना पदीबायनं ओंजळभर मीठ दिलं.
बांधायला काही नव्हतं,
मी ती बिघडलेली प्रत पुढे केली.

आता निवृत्त आहे. पेपरात वाचतो,
शहरात एवढी मोकळी जमीन उरलीय
आणि तिथे काय काय मावेल.
जावई विचारतो, बाबा, तुमची ओळख असेल ना तिकडे?
ओळख आहे.
जोमा भेटला होता मुलुंडला, नालेसफाईच्या कंत्राटात,
गुडघाभर गाळात उभा.
पाय तेच करतात, म्हणाला,
पन याला साय धरत नाय.
पदीबायचं मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.

पुडी अजून कपाटात आहे.
दर श्रावणात तिला पाणी सुटतं,
खालच्या फायली ओल्या होतात,
बायको म्हणते, टाका एकदाची.
परवा उघडली.
क्षेत्र वाचता येतं. हद्दी वाचता येतात.
खाली माझी सही, लफ्फेदार.
पिकाच्या रकान्यापाशी मात्र
मिठानं कागद खाल्ला आहे.